चारशे बाराचा खालचा भाग

खालची पानं नसतील तर मी पिवळ्या फुलाचं नाव सांगत नाही. आणणारा कोणीही असो. एकदा खुद्द आमच्या संचालकांनी शर्टाच्या खिशात खोचलेलं फूल पुढे करून विचारलं, "हे कोणतं हो?" मी म्हटलं, "पिवळं." त्यानंतर त्यांनी मला कधी काही विचारलं नाही, आणि माझं काही बिघडलं नाही.

माझं काम वाळलेल्या झाडांना नावं द्यायचं. संग्रहालयाच्या तिसऱ्या मजल्यावर लांबट खोली, दोन्ही भिंतींना पत्र्याची कपाटं, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि खिडकीशी माझं टेबल. लोक माळावरून, रस्त्याच्या कडेने झाडं उपटून आणतात, वर्तमानपत्रात दाबून वाळवतात आणि गठ्ठे बांधून आमच्याकडे देतात. मी भिंगाखाली बघून नाव ठरवते. मग शेजारच्या टेबलावरच्या बाई तो नमुना जाड पांढऱ्या कागदावर चिकटवतात. त्यांना सगळे डिंकबाई म्हणतात. सव्वीस वर्षं आम्ही दोघी त्या एका खोलीत आहोत. "तुमची चूक तुमच्यापाशीच राहते का?" असं त्या मला विचारतात. "माझ्या हातून ती कायमची चिकटते."

पण माझ्या चुका होत नव्हत्या. हे मी फुशारकीने सांगत नाही. होत नव्हत्या, एवढंच.

पिवळ्यांमध्ये सगळ्यात डोकं खाणारी म्हणजे गोचीडफुलं. हे नाव माझ्या दादाने पाडलेलं. शास्त्रातलं नाव कोरिऑप्सिस, ते त्याच्या जिभेवर कधी बसलं नाही. बी अगदी गोचिडासारखं दिसतं म्हणून गोचीडफूल. वरून बघाल तर सगळी सारखी. आठ पिवळ्या पाकळ्या, टोकांना दाते, मधला गोंडाही पिवळाच. फूल काही सांगत नाही, ओळख सगळी खाली असते. एकाची पानं लांब, निमुळती, भाल्याच्या पात्यासारखी. ते भालेपान. बागांमधून पळून ते आता जिथे तिथे माजलंय, त्याला कुत्रंही विचारत नाही. दुसरं कानवालं. त्याची पानं जमिनीलगत, गोलसर, आणि खालच्या पानांच्या बुडाशी दोन बारीक पाळ्या, कानांसारख्या. आमच्या कपाटात कानवाल्याचे तीन नमुने आहेत आणि त्यातला सगळ्यात नवा एकोणचाळीस वर्षांपूर्वीचा. नुसतं फूल खुडून आणलं तर ह्या दोघांतला फरक सांगणं कोणाच्या बापाला जमायचं नाही.

दादा गेला त्याला सात आठवडे झाले होते आणि मला रडू आलं नव्हतं. हे मी लपवत नव्हते. कोणी विचारलं तर सांगत होते, "काही वाटत नाहीये." लोकांना वाटायचं मी धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. सकाळी उठायचे, दूध तापवायचे, उतू जाण्याआधी गॅस बंद करायचे, ऑफिसला जायचे. दूध एकदाही उतू गेलं नाही.

दादा लिफ्टचा मिस्त्री. चौतीस वर्षं त्याने लोकांना वरखाली नेलं आणि निवृत्त झाल्यावर स्वतः जमिनीवर नजर लावून हिंडायला लागला. मीच त्याला तो नाद लावला. दर रविवारी एक पिशवी, एक खुरपं, जुनी वर्तमानपत्रं घेऊन निघायचा. सोमवारी गठ्ठा आमच्या गेटवर ठेवून जायचा. प्रत्येक झाडाला नंबर. एकपासून सुरू केलं होतं, चारशे बारापर्यंत आला होता.

घरात त्याचं नाव विसरोबा. ते त्याने कमावलेलं होतं. एकदा वहिनींना स्कूटरवर घेऊन बाजारात गेला आणि त्यांना कापडाच्या दुकानापाशी तसंच सोडून परत आला. वाटेत त्यांच्याशी बोलत होता. मागून उत्तर येत नाही म्हणजे रागावल्यात, असं समजून प्रत्येक सिग्नलला माफी मागत होता. घरी येऊन मागे बघितलं तर सीट रिकामी. ही गोष्ट आमच्या घरात तीस वर्षं चालली. प्रत्येक जण तिला आपापला मीठमसाला लावायचा, आणि सगळ्यात जास्त तोच लावायचा.

त्या वेळी, म्हणजे सात आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी, मी त्याला ऑफिसातून फोन केला होता.

"चारशे बारा उघडलं," मी म्हटलं. "नुसतं फूल आणि वरचा देठ. खालचा भाग कुठाय?"

"मास्तरीणबाई, कानवालं आहे ते!" तो खुशीत होता. "पाण्याच्या टाकीमागच्या उतारावर आहे, पाच-सहा झाडं. बघितलेस का कान?"

"कशाचे बघू? पानंच नाहीत."

"पाठवलीत ना गं."

"नाही पाठवलीस."

"पाठवलीत की. मला वाटतं…"

"दादा, गठ्ठा माझ्यासमोर आहे. तुला वाटून काय उपयोग? सव्वीस वर्षं मी हे करतेय. पानांशिवाय मी त्याला भालेपानच म्हणणार आणि कचऱ्यात टाकणार."

तो हसला. "विसरलो असेन मग. मी विसरलो नाही तर कोण विसरणार?"

"सोमवारी तो उतार कापून सपाट करणार आहेत, आमच्याकडे पत्र आलंय. त्याच्या आत आण. मुळासकट आण. आणि ह्या वेळी पिशवीत घालायला विसरू नकोस."

"जशी आज्ञा," तो म्हणाला. त्याचं माझ्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं.

रविवारी तो परत गेला. ऊन रणरणत होतं. बस शेवटच्या स्टॉपला पोचली, तो उतरला, बाकावर बसला, आणि उठलाच नाही. टाकी तिथून दहा मिनिटांवर. हॉस्पिटलने पिशवी दिली त्यात खुरपं होतं आणि खुरप्याला माती नव्हती. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, घरात असते तरी हे व्हायचंच. हे वाक्य मी नीट जपून ठेवलं. दुसरंही एक वाक्य जपून ठेवलं होतं, की विसरला तोच. चूक त्याची. मी फक्त विचारलं.

वहिनींना फोनचं माहीत नव्हतं. त्या पडदे शिवतात. त्यांचं शिलाई मशीन आणि दादाची वर्तमानपत्रं ह्यांची एकाच जेवणाच्या टेबलावरून रोजची भांडणं. त्या रविवारी सकाळी त्यांना एका दवाखान्याचे पडदे कापायचे होते. टेबल झाडपाल्याने भरलेलं. त्या म्हणाल्या, "एक तर हा पसारा उचला, नाही तर बाहेर जा कुठेतरी, माझ्या डोळ्यांसमोर नको." तो म्हणाला, "जातोच आहे," आणि गेला.

तेव्हापासून ते पडदे तसेच पडून होते. मशीनपाशी निळं कापड घडी घातलेलं, त्यावर कात्री. दर शनिवारी दुपारी मी जायचे तेव्हा ती घडी तिथेच असायची.

आणि दर शनिवारी वहिनी एकच विचारायच्या. "गेल्या रविवारीच तर तिथे जाऊन आले होते. परत त्याच जागी कशाला गेले?" मग उत्तरही स्वतःच द्यायच्या. "मी हाकललं म्हणून. कुठे जायचं ते सुचलं नसेल. जिथे आधी गेले तिथेच गेले."

मी म्हणायचे, "तुमच्यामुळे काही नाही झालं, वहिनी."

"मग कशामुळे? तुला माहीत आहे का?"

"नाही," मी म्हणायचे आणि चहा प्यायचे.

खरं सांगायचं तर भीती होती. मला जायला दुसरं घर नाही. लग्न केलं नाही, मैत्रिणी म्हणजे एक डिंकबाई. त्या टेबलापाशी माझी एक खुर्ची होती, खिडकीकडे पाठ असलेली, तिच्यावर दुसरं कोणी बसायचं नाही. मी बोलले असते तर वहिनींचं ओझं उतरलं असतं आणि माझी खुर्ची गेली असती. दर शनिवारी वर त्यांच्याकडे जाताना मी हा हिशेब करायचे आणि दर वेळी खुर्ची जिंकायची. त्याचंसुद्धा मला काही वाटत नव्हतं.

आमच्या खोलीत सगळ्यात खालचा एक कप्पा आहे, बिनफुलीचा. फूल नसलेले नमुने तिथे जातात. फूल नाही तर ओळख नाही, असा माझा नियम. ज्याला वेळ असेल त्याने बघावं, आणि वेळ कोणालाच नसतो. वर्षातून एकदा आम्ही तो कप्पा रिकामा करतो. डिंकबाई खाली बसून वर्तमानपत्रं उघडतात, मी वरून नजर टाकते, "जाऊ दे" म्हणते, आणि पाला टोपलीत जातो. अर्ध्या दिवसाचं काम. यंदा ते दादा गेल्यावरच्या सातव्या आठवड्यात, गुरुवारी होतं.

"जाऊ दे," मी म्हणत होते. "जाऊ दे. हे पण जाऊ दे."

डिंकबाईंनी एक घडी उघडली आणि टोपलीकडे नेली. मधेच थांबल्या.

"हे अक्षर ओळखीचं वाटतंय," त्या म्हणाल्या.

मी चष्मा पुसला. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर होता. ४१२. खाली लिहिलं होतं, "खालचा भाग. जाड मुळं म्हणून वेगळा वाळवला. कान बघ, मास्तरीण."

जाड मुळं वेगळ्या कागदात वाळवावीत, नाही तर फुलाला बुरशी धरते. हे त्याला मी शिकवलं होतं. पहिल्याच रविवारी, त्याच्याच टेबलावर. त्याने तसंच केलं होतं. फूल एका घडीत, मुळं आणि पानं दुसरीत, दोन्हींवर एकच नंबर. मी गठ्ठा सोडला, ह्या घडीत फूल दिसलं नाही, आणि कोपऱ्यातला नंबरसुद्धा न वाचता तिला खालच्या कप्प्यात सारलं. मग फोन उचलून त्याला विचारलं, पानं कुठायत. काखेत कळसा आणि गावाला वळसा. फरक एवढाच की वळसा मी त्याला घालायला लावला.

मी खुर्चीवर बसले. आता आपल्याला काहीतरी होईल, असं मला वाटलं. मी वाट बघितली. काही झालं नाही. मग मी भिंग काढलं.

पानं गोलसर होती. चार पानं, एक किडीने खाल्लेलं. जमिनीसरपट गेलेली एक बारीक फांदी. पहिल्या पानाच्या बुडाशी डाव्या बाजूला पाळी, उजव्या बाजूला पाळी. दुसऱ्या पानालाही. तिसऱ्याचा एक कान दुमडून पानाखाली गेला होता. वरचा देठ आणि फूल मी टाकलं नव्हतं, ते कपाटातून आणलं, दोन्ही तुकडे जोडून बघितले. काप बरोबर बसला. तो खुरप्याचा तिरका काप होता, दादाचा. मी चिठ्ठीवर नाव लिहिलं, जागा लिहिली, तारीख लिहिली, गोळा करणाऱ्याच्या जागी त्याचं नाव लिहिलं.

मग मी उठले आणि त्याच्या सगळ्या नमुन्यांची यादी काढली. एक ते चारशे बारा. एकही नंबर गाळलेला नव्हता, एकही दोनदा आलेला नव्हता. जिथे मुळं जाड तिथे दोन घड्या, जिथे बी तिथे पाकीट. चौतीस वर्षं त्याने बसवलेल्या एकाही लिफ्टचा एकही बोल्ट सुटला नव्हता, हे मला माहीत होतं. तरी आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला विसरोबा ठरवलं होतं आणि त्याने ते हसून मान्य केलं होतं. फोनवर तो माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या हाताने केलेलं काम विसरला.

डिंकबाई टोपलीपाशी तशाच बसल्या होत्या. "चिकटवू?" त्यांनी हळूच विचारलं.

"चिकटवा," मी म्हटलं. "सैल चिकटवू नका."

नमुने इमारतीबाहेर न्यायची परवानगी नाही. सव्वीस वर्षांत मी एक पाकळीसुद्धा नेली नव्हती. शनिवारी मी चारशे बारा पुठ्ठ्यात घातलं, पुठ्ठा कापडी पिशवीत घातला आणि गेटवरच्या माणसाला नमस्कार करून बाहेर पडले. चोरी इतकी सोपी असते, हे मला ठाऊक नव्हतं.

वहिनींनी दार उघडलं, चहा टाकायला वळल्या. मी म्हटलं, "चहा नको. इथे बसा आधी." टेबलावरचं निळं कापड मी बाजूला केलं, पर्समधलं भिंग काढून ठेवलं आणि पुठ्ठा उघडला. वर्तमानपत्राचा तो कोपरा मी कापून कागदावर चिकटवून घेतला होता. त्यांनी आधी अक्षरच बघितलं. त्यावर बोट ठेवलं.

मग मी सांगितलं. फोन गुरुवारी केला, किती वाजता केला, काय काय म्हटलं, ते सगळं. कचऱ्यात टाकीन म्हटलं तेही. पिशवीत घालायला विसरू नकोस म्हटलं तेही. "तुम्ही हाकललं म्हणून तो गेला नाही," मी म्हटलं. "तो जाणारच होता. मी पाठवलं होतं. आणि जायची गरज नव्हती. पानं माझ्याकडेच होती."

वहिनींचं बोट अजून त्या अक्षरावरच होतं. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

"ते काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. "पानं पाठवली नाहीस, असं तू म्हणालीस तेव्हा?"

"विसरलो असेन मग, म्हणाला."

"विसरले नव्हते."

"नाही. विसरला नव्हता."

"सात आठवडे," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "सात आठवडे मी रोज सकाळी उठून म्हणतेय, त्या दिवशी गप्प बसले असते तर. आणि तू दर शनिवारी माझ्यासमोर बसून चहा प्यायलीस."

"हो."

"साखर कमी आहे म्हणालीस मागच्या वेळी."

"हो, वहिनी."

त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, पाठ करून उभ्या राहिल्या. "जा आता तू," त्या म्हणाल्या. "आज जा."

मी उठले. कागद उचलायला हवा होता, तो संग्रहालयाचा होता, पण उचलवला नाही. चपला घातल्या, बाहेर आले. लिफ्टचं बटण दाबलं. ही लिफ्टसुद्धा दादानेच बसवलेली. आत कोपऱ्यात देखभालीचं कार्ड आहे, त्यावर त्याच्या अक्षरातल्या तारखा, महिन्याला एक, ओळीने. निवृत्त झाला त्या महिन्यापर्यंत एकही महिना चुकलेला नाही. मी दोन मजले खाली गेले आणि हात पर्समध्ये घातला. भिंग नव्हतं. ते टेबलावर राहिलं होतं. मी माझं भिंग कधी कुठे ठेवून येत नाही.

मी लिफ्ट परत वर घेतली. बंद दारासमोर उभी राहिले. बेल वाजवायचा धीर होईना. भिंग नवीन मिळतं, असं मनाशी म्हटलं आणि वळले, तेवढ्यात दार उघडलं. वहिनींच्या हातात माझं भिंग होतं.

"विसरलीस," त्या म्हणाल्या.

मी हात पुढे केला. त्यांनी भिंग दिलं नाही.

"मला कान सापडत नाहीयेत," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. "ह्यांनी बघ म्हणून लिहिलंय. दाखव, आणि मग जा."

मी आत गेले. माझ्या खुर्चीवर बसले नाही, टेबलाशी उभी राहिले. त्यांनी भिंग धरलं, मी पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. "हा डावा. हा उजवा. हे दुसरं पान, ह्यालाही दोन."

पडद्याच्या टाक्यांवर फिरते तशी त्यांची नजर पानांवरून सावकाश फिरली. "हो," त्या म्हणाल्या. "दिसले. इतके बारीक? ह्यांना उभ्याने कसे दिसले असतील?"

"उभ्याने नाही दिसत," मी म्हटलं. "गुडघ्यांवर बसून, पान उलटून बघावं लागतं." आणि मला तो दिसला, उतारावर गुडघे टेकून बसलेला, एकटा, त्या दुखऱ्या गुडघ्यांवर, पान उलटून खूश झालेला, मला कधी सांगतो असं झालेला.

मला रडू आलं. सात आठवड्यांचं एकदम आलं, आवाज करत, नाकातोंडातून. टेबलाची कड धरून मी वाकले.

वहिनींनी मला हात लावला नाही. त्यांनी फक्त कागद दोन्ही हातांनी उचलला आणि भिजू नये म्हणून टेबलाच्या पलीकडच्या टोकाला नेऊन ठेवला.